वाटेवरची नावं

बिझर्त, ६ जुलै

बेशीर,

मी फोन का उचलत नाही, असं माझ्या भावाला विचारलंस म्हणे. उचलत नाही, कारण तुझा आवाज कानावर पडला की माझ्या तोंडून शिव्याच निघतात. कागदावर त्या जरा गाळून येतात. आणि पत्राची ही खोड मला तूच लावलीस. फॉस्फेटच्या खाणीत होतास तेव्हा सुट्टी मिळाली की घरी यायचं सोडून तुहामीच्या मैफलीला पळायचास, आणि मग मला चार चार पानं खरडायचास: काल काय गायला, कुठली ओळ बदलली, कोण कुठे रडलं. मी इकडे पोटुशी, उलट्यांनी हैराण, आणि नवरा तिकडे परक्या माणसाच्या औदच्या तारा मोजतोय. आता मी पळतेय. तू बस तिकडे ल्योंमध्ये आणि वाच.

तुहामी म्हातारा झालाय रे. औद मांडीवर घेतो तेव्हा झोपलेलं पोर उचलल्यासारखा जपून घेतो. डोळ्यांना कमी दिसतं, स्टेजवर कुणीतरी हाताला धरून आणतं. पण गाणी अजून स्वतःच लिहितो, चाल स्वतःच लावतो, आणि एखादं कडवं नको वाटलं तर गाता गाता गाळून टाकतो. मागचे वाजवणारे धांदरतात. काल 'मिठाचं गाणं' त्याने अर्ध्यात सोडलं, तर आमचे मुख्तार मास्तर असे चवताळले की जसं काही त्यांच्या पेन्शनीतून कापलं. हे मास्तर निवृत्त, शाळेत भूगोल शिकवायचे. आता प्रत्येक मैफलीला दहापैकी गुण देतात. बिझर्तला सहा. भोंगे फाटके होते म्हणाले.

यंदाचा दौरा किनारा धरून खाली गाबेसपर्यंत जातो, आणि मागे फिरून शेवट आपल्या सफाक्सला. मी एकही गाव सोडणार नाही. हसू नकोस. एकटी नाही मी, आमची टोळी आहे, लोक आम्हाला तुहामीवाले म्हणतात. मैफल संपली की मोबाईलवरच्या ग्रुपात प्रत्येकजण आपलं मन मोकळं करतो, ज्यांना येता आलं नाही ते घरी बसून ऐकतात. मला त्या यंत्रात बोलणं जमत नाही. म्हणून तुला लिहिते.

एक गाणं तू गेल्यानंतरचं आहे. मोबाईलवर ऐकलं असशील, पण मैफलीत त्याचं काय होतं ते मोबाईलवर कळत नाही. सुरुवात अशी: 'दार उघडं ठेव आई, माझ्याकडे किल्ली नाही.' दोन कडवी झाली की तुहामी थांबतो, नुसती दरबुकेवर मंद थाप पडत राहते. मग पायऱ्यांवरून आया एकेक नाव टाकतात. होडीतून गेलेल्या पोराचं नाव, ज्याची खबर नाही त्याचं. आधी आईचं नाव, मग पोराचं. तुहामी ते नाव चालीत घेतो, 'सालूहाचा हैकल', आणि सगळी जत्रा एका आवाजात म्हणते, 'वाटेवर आहे, वाटेवर आहे.' बापाचं नाव त्यात येत नाही. बरंच आहे.

आणि ज्या आईला वाईट खबर मिळाली ती नाव टाकत नाही. गप्प बसते. शेजारची तिच्या पाठीवर हात ठेवते, एवढंच. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

दवाखान्यातून काही कळलं का, असंही तू भावाला विचारलंस. हिवाळ्यात माझी थुंकी काडीवर घेतली होती त्यांनी, जुळवून बघायला. पडली असेल कुठल्यातरी कपाटात. कळलं तर सांगीन. काल मी आपल्या पोराचं नाव टाकलं आणि अख्ख्या बिझर्तने मला सांगितलं की तो वाटेवर आहे. मला तेवढं पुरे.

सालूहा


हम्मामेत, १५ जुलै

बेशीर,

काल मास्तरांनी आठ दिले. समुद्राचा वारा सुटला होता, तुहामीची तार तुटली आणि तो तार बदलेपर्यंत नुसता बोलत बसला. म्हणाला, "माझ्या आईला माझी गाणी कधी आवडली नाहीत. म्हणायची, इतकं रडवायचं असेल तर कांदे वीक." लोक पोट धरधरून हसले. मीही हसले. किती महिन्यांनी हसले कोण जाणे, आणि हसता हसता अंगावर काटा आला, की आपण हसतोय.

इथे एक बाई भेटली. दलेंदा, महदियाची. दांडगी, गोरीपान, हातात डबा, काखेत उशी. माझ्या शेजारी बसली आणि बसताच माझ्या हातात हरिसा लावलेला ब्रेड कोंबला.

"खा गं. तुझ्या तोंडाकडे बघून माझं पोट खपाटीला गेलं."

मी म्हटलं, भूक नाही.

"भुकेला कोण विचारतंय? ओरडायला ताकद लागते. कोणाचं नाव टाकणार तू?"

"हैकलचं. माझ्या मुलाचं."

"माझा मालेक. गेल्या वसंतात गेला. म्हणाला, आई, मासे धरायला जातो. मेल्याला पोहता येत नाही, आणि मासे धरायला जातो!" आणि स्वतःच हसली. अशी आहे ती.

आता तुला एक सांगायचं आहे. तुहामीचा दम पूर्वीसारखा नाही. नावं घेता घेता त्याचा आवाज कापायला लागला की दरबुकावाला समजतो आणि ठेका बदलतो, म्हणजे झालं, आज एवढीच. मग ज्यांची राहिली त्या आया पदराआड तोंड लपवून पुढच्या गावाची वाट धरतात. काल मी नाव टाकलं आणि तुहामीने ते घेतलं, आणि लगेच ठेका बदलला. दलेंदा तोंड उघडून उभी होती. तिचा मालेक तिच्या घशातच राहिला.

"माझ्यामुळे तुझं राहिलं," मी म्हटलं.

"तुझा गळा आहे की बंदराचा भोंगा!" ती म्हणाली. "राहू दे गं. माझा मालेक जन्माला आला तोही उशिरा. सुईण झोपून गेली होती. पुढच्या गावात घेईन."

तिने राग धरला असता तर बरं झालं असतं. उरलेला ब्रेड तिने मला बांधून दिला, आणि तो काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना. का ते विचारू नकोस.

रात्री घराचं दार मी उघडं ठेवते, त्यावरून भाऊ डोकं खातो, चोर शिरतील म्हणे. शिरू देत. काय नेणार आहेत? तुझं लग्नातलं जाकीट अजून खुंटीला आहे, ते नेलं तर मी वर सरबत देईन.

सालूहा


एल-जेम, २७ जुलै

बेशीर,

भावाने तुझा निरोप दिला. 'तिला म्हणावं, गाणी पुरे झाली. दक्षिणेला जा, किनाऱ्यावरच्या कबरस्तानात बघ.' वा! काय अक्कल! हे सांगायला तुला तोंड आहे? दर उन्हाळ्यात पोराला सांगायचास, कागद पाठवतो, विमानाने ये. पोरगं पोस्टमनच्या सायकलचा आवाज ओळखायला शिकलं. मिसरूड फुटलं, दाढी आली, तुझा कागद काही आला नाही. तुझ्या त्या फ्रान्सवालीला घरात अडचण होणार होती, दुसरं काय. मग त्याने स्वतःच रस्ता शोधला. तुझ्याकडे येत होता तो, बेशीर. चोरी करायला नव्हता चालला, बापाकडे चालला होता.

एवढं लिहून मी पाणी पिऊन आले. आता मैफलीचं.

एल-जेमचं ते रोमन लोकांचं दगडी रिंगण तू पाहिलंयस. त्यात दिवे लावले होते. तुहामीने नवं गाणं म्हटलं, घरात राहिलेल्या बुटांवर. बूट दाराशी तसेच आहेत, कोणी घालत नाही, कोणी उचलत नाही, झाडताना फक्त उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे. अरे, हा माणूस माझ्या घरात कधी येऊन गेला? माझ्या पुढे सूस गावची एक पोरगी होती, सबंध वेळ मोबाईल वर धरून चित्रण करत होती. तिचा हात बुटांच्या गाण्याला खाली आला. मास्तरांनी साडेनऊ दिले. अर्धा का कापला विचारलं तर म्हणाले, "पूर्ण गुण मी कोणाला दिलेले नाहीत. माझ्या बायकोलासुद्धा नाही."

पण खरं सांगते, माझा घसा बसला होता. प्रवासाची धूळ, आणि गावोगाव ओरडणं. वाटेवरचं गाणं आलं, दरबुका मंद झाली, मी तोंड उघडलं तर नुसती हवा. दलेंदाने आधी आपला मालेक टाकला, तुहामीने घेतला, तिचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे बघितलं, मी घशाकडे बोट दाखवलं, आणि ही बाई दुसऱ्यांदा उठून अशी ओरडली की पुढच्या दोन रांगा दचकल्या. "सालूहाचा हैकल!" तुहामीने घेतलं. त्या दगडांनी ते नाव परत परत फेकलं.

नंतर म्हणाली, "तुझा घसा गेला तर मी आहे. माझा गेला तर तू. नाही तर टोळी कशाला असते?" ग्रुपातही मास्तरांनी सांगून टाकलं, यापुढे ज्या आईचा आवाज नसेल तिच्यासाठी बाकीच्यांनी टाकायचं, एकही नाव राहता कामा नये. सगळ्यांनी हो म्हटलं.

मैफलीच्या दिवशी दुपारी दवाखान्याचा फोन वाजत होता. त्यांचा नंबर मला पाठ आहे. उचलला नाही. घसाच बसला होता, बोलणार काय?

सालूहा


गाबेस, ५ ऑगस्ट

बेशीर,

दलेंदाचा मालेक जिवंत आहे.

काल सकाळी आम्ही स्टँडवर चण्याचं लबलाबी खात बसलो होतो. तिच्या मोबाईलवर अनोळखी नंबर. ती म्हणाली, कोणीतरी विमेवाला असेल, आणि स्पीकर लावला. पलीकडून आवाज आला, "आई, ओरडू नकोस." बस्स. ती ओरडलीच. वाडगं उडालं, चणे माझ्या अंगावर. सीमेपलीकडे धरला होता त्याला, कोठडीत टाकला होता, सुटला आणि कोणा भल्या माणसाच्या फोनवरून बोलला. ती त्याला शिव्या देत होती आणि फोनचे मुके घेत होती. स्टँडवरचे ड्रायव्हर खाली उतरून उभे राहिले. मी तिला मिठी मारली. मला आनंद झाला, बेशीर, अल्लाची शपथ, खरा आनंद झाला. आणि त्याच वेळी तिच्याकडे बघवेना, म्हणून मी बाजूला जाऊन अंगावरचे चणे वेचत बसले.

मैफलीत काय झालं ते लिहिते. जिचा मुलगा सुखरूप पोचला ती आई नाव टाकत नाही. आपली पाळी आली की जागेवर उठते आणि दोन्ही हात वर करते. काल दलेंदा उठली. दोन्ही हात वर. दरबुका थांबली. तुहामीला धूसर दिसतं, पण वर गेलेले दोन हात त्याला दिसतात, आणि तो एकच ओळ म्हणतो, जी एरवी कधीच म्हणत नाही: 'दार लाव आई, मी आत आलो.' मग बायका लग्नात घालतात तशी झगारीत घालतात, जिभा थकेपर्यंत किलकारतात, आणि पुरुष कानावर खोवलेल्या मोगऱ्याच्या जुड्या काढून त्या आईवर फेकतात. मी पण झगारीत घातली. घसा फाटला तरी घातली.

ती खाली बसली, केसात मोगरा, आणि माझ्या कानात म्हणाली, "आता तुझा."

आणि मी उठून आपल्या पोराचं नाव टाकलं. तुहामीने घेतलं. पाठोपाठ ठेका बदलला. खालच्या पायरीवर एक बाई होती, अगदी तरुण, नवऱ्याच्या आईला घेऊन आलेली. म्हातारीने नाव टाकायला हात कानापाशी नेला होता. तो तसाच राहिला.

बेशीर, आता नीट वाच. बसून वाच.

दवाखान्याचा फोन मी उचलला होता. एल-जेमचा नव्हे. जूनमधला, दौरा सुरू होण्याच्या आधीचा. मी गेले होते. कोणाला न सांगता गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आधी पाणी दिलं, दार लोटून घेतलं. थुंकी जुळली म्हणाल्या. मी म्हटलं, थुंकी काय कोणाचीही जुळेल. त्या काही बोलल्या नाहीत, कपाटातून पिशवी काढली. त्यात पँट होती. कमरेच्या आतल्या बाजूला खिसा. तो खिसा मी शिवलाय. मोबाईलला हवा म्हणाला होता, बाजारात चोऱ्या होतात. काळा दोरा संपला होता म्हणून निळ्याने शिवला. मी म्हटलं, वाईट दिसेल रे. तो म्हणाला, "आई, आतून कोण बघणार आहे?"

मी बघितला.

हिवाळ्यातच आला होता तो किनाऱ्यावर. त्या गावच्या लोकांनी न्हाऊ घालून, नमाज पढून, मानाने पुरलाय. दगड लावलाय, दगडावर नाव नाही. घरच्यांनी येऊन नाव घालावं म्हणाल्या. येते म्हटलं आणि तिथून निघून थेट घरी आले. भावालाही बोलले नाही. त्या रात्रीही दार उघडंच ठेवलं.

मग बिझर्तला कशाला गेले म्हणशील. शेवटचं ऐकायला गेले होते. गप्प बसायचं, कोणीतरी पाठीवर हात ठेवील, परत यायचं, असं ठरवून गेले होते. पण दरबुका मंद झाली आणि माझं तोंड आपोआप उघडलं. हजारो माणसं म्हणाली, वाटेवर आहे. तू सांग, एवढी माणसं एका सुरात सांगतायत, आणि एक निळा दोरा सांगतोय की नाही. मी कोणाचं ऐकायचं? त्या एका ओळीपुरता माझा हैकल चालत असतो रे. मला दिसतो. पाठीवर पिशवी, एक खांदा खाली. ठेका बदलला की मरतो. मग पुढचं गाव.

पण काल त्या म्हातारीचा हात बघितला. तिचा मुलगा कुठेतरी जिवंत असेल, त्याचं नाव माझ्या मेलेल्या पोराने अडवलं. हम्मामेतला दलेंदाचं अडवलं होतं. आता नाही. सफाक्सला मी गप्प बसणार.

आज सकाळी इथल्या स्टँडवर, तो पुरलाय त्या गावची लुआज, सीटवर भरणारी गाडी, उभी होती. दुपारपर्यंत पोचले असते. ड्रायव्हर ओरडत होता, एक सीट, एकच सीट. मी दाराला हात लावला आणि मागे फिरले. एकटीने जमणार नाही मला. आणि गाण्यात आईचं नाव चालतं, पण दगडावर बापाचं लागतं. हैकल बेन बेशीर. तिथे सालूहाचा कोणी लिहीत नाही. तू ये.

सालूहा


सफाक्स, १३ ऑगस्ट

बेशीर,

भाऊ म्हणाला, तुझा फोन आला होता आणि तू काहीच बोलला नाहीस, नुसता धरून बसलास. म्हणजे गाबेसचं पत्र पोचलं. भावाला मी अजून सांगितलेलं नाही. का, ते या पत्रात कळेल.

काल मी ठरवल्याप्रमाणे गेले. आपल्या गावची मैफल, त्यामुळे सगळे ओळखीचे. पाववाला, त्याची बायको, हैकलचे फुटबॉलवाले मित्र, शाळेतल्या बाई. मी काळी सफसारी पांघरून कोपऱ्यात बसले. वाटलं, गप्प बसेन, लोक समजतील, उद्या आपोआप दाराशी येतील, मला तोंडाने काही सांगावं लागणार नाही. ही रीत मला आवडायची ती त्याचसाठी. तोंडाने सांगावं लागत नाही.

तेवढ्यात दलेंदा आली. महदियाहून, खास. तिला आता यायचं काही कारण नव्हतं. डब्यात खजुराचे मकरूद, माझ्यासाठी.

"तुला सोडून मी घरी बसेन असं वाटलं? माझं काम झालं म्हणून पाठ फिरवीन? तशी नाही मी."

तिला सांगायला हवं होतं. ती मकरूद भरवत होती आणि मालेक किती बारीक झालाय ते सांगत होती, माझा धीर झाला नाही.

तुहामीने बुटांचं गाणं म्हटलं, मिठाचं म्हटलं, सगळी कडवी म्हटली, एक गाळलं नाही. मग वाटेवरचं. दरबुका मंद झाली. कोणी झीनाचा सामी टाकला, कोणी वारदाचा इल्यास. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ओठ चावून धरले.

दलेंदा वळली. "घसा गेला का गं परत?"

मी मान हलवली, नाही. अंधारात तिला ती हो दिसली की काय कोण जाणे.

"असू दे. मी आहे ना."

मी तिचं मनगट घट्ट पकडलं. तिला वाटलं मी उपकार मानतेय. माझ्या हातावर थोपटून उठली आणि ओरडली, "सालूहाचा हैकल!" आणि तिचं ऐकून मास्तर ओरडले. सूसची पोरगी ओरडली. मग फुटबॉलची पोरं उठली, पाववाला उठला. माझं गाव होतं रे ते, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला होता तो. सगळीकडून त्याचंच नाव. एल-जेमला ठरलं होतं ना, एकही नाव राहता कामा नये. तुहामीने ते उचललं आणि सगळं सफाक्स म्हणायला लागलं, वाटेवर आहे, वाटेवर आहे. थांबेनात. दर वेळी दोनदा म्हणतात, काल म्हणतच राहिले.

माझ्याच्याने ऐकवेना. मी उठले आणि दोन्ही हात वर केले. थांबा, पुरे करा, एवढंच म्हणायचं होतं मला. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात, तुझी शपथ.

दरबुका थांबली. हात वर गेले आणि मला कळलं मी काय केलं ते. खाली घेतले, पण उशीर झाला होता. तुहामीने मान वर केली, माझ्या दिशेने बघितलं आणि म्हणाला, 'दार लाव आई, मी आत आलो.'

झगारीत उठली. अशी झगारीत माझ्या लग्नातही नव्हती. चारी बाजूंनी मोगरा यायला लागला, डोक्यावर, तोंडावर, मांडीत. फुटबॉलची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. शाळेच्या बाईंनी माझं कपाळ चुंबलं. दलेंदा मला बुक्के मारत होती, "लपवून ठेवलंस! मला सांगितलं नाहीस, बये! म्हणून गप्प होतीस होय!" सगळे विचारत होते, कुठे पोचला, कुठे आहे, कसा आहे.

मी म्हटलं, "किनाऱ्याला लागला."

खोटं बोलले नाही, बेशीर. यातलं एक अक्षर खोटं नाही.

आज सकाळपासून ग्रुपात हेच चाललंय. मी सगळ्यांचं ऐकलं. सूसची पोरगी म्हणते, अशी मैफल पुन्हा होणे नाही. कोणी म्हणतं, तुहामी तो सूर लावताना रडत होता. मास्तरांनी पहिल्यांदा दहापैकी दहा दिले. म्हणाले, आज गाण्याला नाही, आज सालूहाला. पाववाल्याने गोड पाव पाठवलाय, पैसे घेतले नाहीत. गल्लीतली मुलं विचारून गेली, हैकलदादा फोन कधी करणार. भाऊ खाली लोकांना सरबत वाटतोय. त्याच्याही तोंडावर मी हे कसं फेकू?

कधीतरी सांगावं लागेल. आज नाही. आज साऱ्या गावाला आनंद झालाय, आणि खरं काय ते ठाऊक असलेले आपण दोघंच. तुझ्यावर माझा राग आहे तेवढाच आहे, त्यात एका दाण्याचाही फरक नाही. पण त्याच्यासाठी रडायला मला दुसरं माणूस नाही. त्याचे बूट दाराशी आहेत, आज झाडताना मी ते पुन्हा जागेवर ठेवले. तू आलास की आपण ते उचलू. मग दक्षिणेला जाऊ आणि त्याला नाव लावू.

काल मांडीभर मोगरा घेऊन घरी आले. तुहामीने सर्वांदेखत सांगितलंच होतं, म्हणून दार लावलं. कडी घातली. इतक्या महिन्यांनी ती गंजली होती, तेल घालावं लागलं. आता दार आपणहून उघडं मिळणार नाही. आलास की थाप मार.

सालूहा